छत्तीस फुटांचा रस्ता

लंडनच्या प्रिमरोज हिल भागात, किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनाच्या मालकीचं आहे. लंडनमध्ये शिकत असताना, 1921-22 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. 2015 साली शासनाने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. त्यापुढचा भाग आपल्याकडे फारसा कुणाच्या लक्षात नाही. राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर वापर बदलण्याची परवानगी लागते. कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने ती नाकारली. काही शेजाऱ्यांचाही विरोध होता. प्रकरण अपिलात गेलं, 2019 मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. एका राज्याचं सरकार मालक, पंतप्रधानांच्या हस्ते झालेलं उद्घाटन, आणि तरी तिथल्या परिषदेचा नियम आडवा येतो, हे आपल्या पचनी पडायला जडच आहे. पण ते घर ज्या जातकुळीचं आहे, तिचा सगळा इतिहासच नियमांनी घडवलेला आहे. वास्तुविशारद त्यात फार उशिरा येतो. कित्येकदा येतच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधली शहरं वाढली ती ओळींनी. एकाला एक चिकटून दहा, वीस, चाळीस घरं, दर दोन घरांत मिळून एक सामाईक भिंत, सगळ्यांची दर्शनी बाजू एका रेषेत. आपल्याकडे पुण्या-नाशकाच्या वेशीवर बिल्डर 'रो-हाउस' म्हणून जे विकतात ती जरा ऐपतवाल्यांची हौस असते. तिथे तसं नव्हतं. उमरावापासून गोदी कामगारापर्यंत शहरात राहणारा जवळजवळ प्रत्येक जण ओळीतच राही. फरक असे तो घराच्या रुंदीचा, मजल्यांचा आणि दारापुढच्या पायऱ्यांचा.

किंग हेन्रीज रोडसारख्या रस्त्यावरचं मध्यमवर्गीय घर चार-पाच मजल्यांचं. रस्त्याच्या पातळीखाली अर्धं बुडालेलं तळघर, स्वयंपाक तिथे. पायऱ्या चढून मुख्य दार, आत जेवणाची खोली, वर दिवाणखाना, त्यावर झोपायच्या खोल्या आणि अगदी वर, छपराखाली, नोकरांची झोपायची जागा. अशा जुन्या रस्त्यांच्या फुटपाथवर आजही फूटभर व्यासाची गोल बिडाची झाकणं दिसतात. कोळसेवाला झाकण उचलून गोणी तिथेच रिकामी करायचा. कोळसा थेट फुटपाथखालच्या कोठारात पडायचा, त्याच्या काळ्या बुटांना घरात पाऊल टाकायची गरज नसे. पुढचं काम मोलकरणीचं. दिवसभर कोळसा आणि गरम पाणी जिन्याने वर न्यायचं, राख आणि घाण पाणी खाली आणायचं. पाच मजल्यांचं हे घर चालायचं ते तिच्या गुडघ्यांवर. पहिल्या महायुद्धानंतर मोलकरणी मिळेनाशा झाल्या. त्या कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत गेल्या आणि एका कुटुंबासाठी बांधलेली ही घरं खोल्या-खोल्यांनी भाड्याने जाऊ लागली. परदेशी विद्यार्थ्याला लंडनमध्ये जागा मिळायची ती बहुधा अशा घरात. बाबासाहेबांच्या चरित्रांतून येणारा घरमालकिणीचा तुटपुंजा नाश्ता आणि रात्री भूक भागवणारे पापड आपल्याला पाठ आहेत. त्या प्रसंगांमागे नोकरचाकरांवाचून पोरकं झालेलं घर उभं आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही.

हा सगळा परिसर ईटन कॉलेजच्या जमिनीवर वसला. ईटनची स्थापना सहाव्या हेन्री राजाची, म्हणून रस्ता किंग हेन्रीचा. 1830 च्या दशकात लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे या जमिनीतून जायला निघाली, तेव्हा इथे अजून शेतं होती. पण पुढेमागे घरं बांधून भाडं मिळवायचं हा कॉलेजचा हिशेब पक्का होता. रेल्वेने जमीन चिरत न जाता बोगदा काढावा, आणि बोगद्याचं तोंडसुद्धा बघण्यासारखं बांधावं, असा हट्ट कॉलेजने धरला आणि तो पुरवूनही घेतला. घर बांधण्याच्या कितीतरी आधी घरांची किंमत राखायची ही तऱ्हा.

जमीन विकायची नाही, 99 वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, ही लंडनच्या बड्या जमीनमालकांची रीत होती. बिल्डर स्वतःच्या खर्चाने घर उभारणार, मालकाला दरसाल भुईभाडं देणार आणि मुदत संपली की जमिनीसकट घर परत मूळ मालकाकडे. म्हणून करारात बारीकसारीक कलमं असत: दर्शनी बाजू अशी, उंची इतकी, दुकान काढायचं नाही, गुत्ता तर नाहीच, ठरावीक वर्षांनी रंग द्यायचा. त्या रस्त्यांच्या ज्या एकसारखेपणाचं आज पर्यटक कौतुक करतात, त्यातला बराचसा या कलमांतून आलेला आहे.

बांधणारा बिल्डर म्हणजे मात्र मोठी कंपनी नव्हे. एच. जे. डायॉस या इतिहासकाराने दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलची कागदपत्रं चाळून हिशेब मांडला. 1878 ते 1880 या तीन वर्षांत तिथे चारशेहून अधिक बिल्डर काम करत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तीन वर्षांत सहा किंवा त्याहून कमी घरं बांधली. कालचा सुतार, कालचा गवंडी आज बिल्डर. उसनवारीवर दोन-चार घरांचे सांगाडे उभे करायचे, छप्पर पडलं की त्याच्या तारणावर पुढचं कर्ज. मंदी आली की दिवाळं ठरलेलं. ही घरं विकत घेणारे दुकानदार, विधवा, निवृत्त लोक त्यांत राहत नसत, भाडं खात. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये दहातली नऊ कुटुंबं भाड्याच्या घरात राहत होती. त्यामुळे ही ओळ म्हणजे मुख्यतः गुंतवणूक होती.

गुंतवणुकीचं गणित भिंतींत उतरतं. रस्ता आणि गटार यांचा खर्च घराच्या दर्शनी रुंदीवर पडतो. म्हणून घर अरुंद आणि खोल. मजुरांच्या घराची रुंदी साधारण पंधरा-सोळा फूट. साध्या लाकडी तुळईने ती सहज पेलते. पुढे एक खोली, मागे एक, वर दोन, आणि मागच्या अंगाला मोरीचा छोटा भाग बाहेर काढलेला. जरा बरं घर असेल तर पुढची खिडकी तीन बाजूंनी रस्त्याकडे झुकलेली. त्या एका खिडकीने भाडं चढायचं आणि भाडेकरूची पत वाढायची. पुढच्या खोलीत जाळीचे पडदे, जमल्यास पियानो, आणि कुलूप लावल्यासारखी शांतता. ती उघडायची रविवारी, पाहुण्यांसाठी किंवा घरात कुणी गेलं तर. सगळं कुटुंब मागच्या खोलीत चुलीपाशी दाटीवाटीने राही आणि घरातली सर्वांत चांगली खोली रिकामी राही. नंतरच्या सुधारकांना हा वेडेपणा वाटला. आम्हांला तो तितकासा वाटत नाही; चार पाहुण्यांसमोर मान ताठ ठेवायला एक खोली राखणं ही गरिबाची चैन असेल, पण ती समजण्यासारखी आहे.

खिडकीवरून या घरांचं वय सांगता येतं, आणि तिथेही नियमच बोलतो. 1774 च्या लंडन इमारत कायद्याने, आगीच्या भीतीपोटी, वरखाली सरकणाऱ्या खिडकीची लाकडी पेटी विटांच्या आड लपवायला लावली होती. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढायची, म्हणजे एका घराची आग पलीकडे जाणार नाही, हीदेखील 1666 च्या महाभयंकर आगीनंतरची शिकवण. 1845 मध्ये काचेवरचा कर गेला, 1850 मध्ये विटेवरचा, 1851 मध्ये खिडकीवरचा. काच स्वस्त झाली, तावदानं मोठी झाली, भिंतीतली भोकं रुंदावली. 1894 च्या कायद्याने आगीचे जुने निर्बंध सैल केले तसं लाकूडकाम पुन्हा दर्शनी बाजूला आलं. रसिकतेत झालेला बदल म्हणून जे आपण पुस्तकांत वाचतो, त्यात अबकारी खात्याचा हात किती, हे कुणीतरी एकदा मोजायला हवं.

रसिकतेचा किस्साही आहेच. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने 1850 च्या दशकात व्हेनिसच्या दगडी कोरीव कामाची महती गायली. वीस वर्षांत लंडनच्या उपनगरांत दाराच्या दोन्ही बाजूंना व्हेनिसच्या धर्तीची पानाफुलांची स्तंभशीर्षं दिसू लागली, तीही घाऊक बाजारातून आणून बसवलेली. 1872 मध्ये रस्किनने वर्तमानपत्राला पत्र लिहून हताशपणे कबूल केलं की आपल्या घराभोवती उभे राहिलेले हे राक्षस आपल्याच लेखणीतून जन्मले, आणि त्यांच्यापासून दूर पळण्यासाठीच आपण घर सोडतो आहोत. प्रवचनकाराला श्रोते मिळाले, फक्त त्यांनी प्रवचनातलं सोयीचं तेवढं उचललं.

आता मुख्य गोष्ट. 1875 मध्ये ब्रिटिश संसदेने सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि 1877 मध्ये सरकारच्या स्थानिक शासन मंडळाने नगरांसाठी नमुना उपविधी काढले. सक्ती नव्हती, पण गावोगावच्या परिषदांनी ते थोड्याफार फरकाने उचलले. त्यांतली कलमं वाचायला अगदी रुक्ष आहेत. गाडी जाईल असा नवा रस्ता किमान 36 फूट रुंद हवा. प्रत्येक घरामागे त्याची स्वतःची मोकळी जागा हवी, किमान 150 चौरस फूट, आणि घर जितकं उंच तितकं मागचं अंतर वाढलं पाहिजे. खिडकीचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश हवं. पाया, भिंतीची जाडी, ओल अडवणारा थर, सांडपाण्याचा नळ, सगळं लिहिलेलं. सुंदर दिसण्याबद्दल अवाक्षर नाही.

याआधीची मजुरांची वस्ती कशी होती ते पाहिलं की या रुक्षपणाची किंमत कळते. पाठीला पाठ लावलेली घरं: मागची भिंत पलीकडच्या घराची, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, उजेड आणि वारा यायला एकच बाजू. मधल्या अंधाऱ्या चौकात सगळ्यांत मिळून एक नळ, एक-दोन संडास. मँचेस्टरने 1844 मध्येच असा नियम केला की ही पद्धत व्यवहारात बंद पडली. बर्मिंगहॅमने 1876 मध्ये थांबवली. लीड्सने मात्र दाद दिली नाही. तिथल्या बिल्डरांना हीच घरं परवडत होती आणि परिषदेवर त्यांचं वजन होतं. 1866 च्या लीड्सच्या नियमाने एवढंच केलं की आठ घरांनंतर खंड पाडायचा आणि त्या खंडात संडास बांधायचे. 1909 मध्ये देशभर बंदी आली, तरी आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे लीड्समध्ये पाठीला पाठ लावलेली घरं 1937 पर्यंत बांधली जात होती. आजही त्या शहरात अशी हजारो घरं आहेत, आणि लोक त्यांत राहत आहेत. नियम मोडला की आभाळ कोसळतंच असं नाही. हेही नोंदवायला हवं.

गंमत अशी की हे नियम ज्या शास्त्रावर उभे होते ते चुकीचं होतं. कुजक्या हवेतून, दुर्गंधीतून रोग पसरतो अशी त्या पिढीतल्या बहुतेक आरोग्य अधिकाऱ्यांची समजूत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दाखवला तो 1882 मध्ये, म्हणजे उपविधी निघाल्यावर पाच वर्षांनी. पण दुर्गंधी घालवायला म्हणून जो उजेड, जी हवा आणि जी गटारं आणली, त्यांनी क्षय आणि कॉलरा दोघांनाही अडवलं. कारण चुकलं, औषध लागू पडलं.

36 फुटांच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वीसेक फूट उंचीची दुमजली घरं. समोरच्या घराच्या पायथ्याशी उभं राहून वळचणीकडे पाहिलं तर नजर तीस अंशांपेक्षा कमीच वर जाते. म्हणजे बाकीचं आभाळ मोकळं. इंग्लंडच्या उत्तरेत हिवाळ्यातला सूर्य जेमतेम वर येतो, तिथे एवढ्या आभाळाची गरजही होती.

मध्यमवर्गीय टीकाकारांना हे रस्ते कधीच आवडले नाहीत. सरळ, लांबलचक, झाड नाही, एक घर दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. रेमंड अन्विन या नगररचनाकाराने 1912 मध्ये छोटी पुस्तिका लिहून दाखवून दिलं की घरं दाटीने बांधून वाचलेली जमीन रस्त्यांतच जाते आणि मालकाला वाटतो तेवढा फायदा होत नाही. एकरी बारा घरं, पुढेमागे बाग, हा त्याचा आग्रह. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी घरबांधणीने तोच मानला. ओळी जुनाट ठरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पाडापाडीची लाट आली. 1955 ते 1975 या काळात ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक जुनी घरं जमीनदोस्त झाली. त्यांतली कित्येक खरोखरच राहण्यालायक नव्हती. पण कित्येकांना फक्त संडास आत आणून, ओल काढून, छप्पर बदलून चाललं असतं. 1957 मध्ये मायकेल यंग आणि पीटर विल्मट यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळीत आईच्या घरापासून लेकीचं घर दोन गल्ल्या पलीकडे असायचं. एसेक्समधल्या नव्या वसाहतीत घर चांगलं मिळालं आणि आई बसने गाठावी लागली.

ईटनच्या त्याच जमिनीवर, किंग हेन्रीज रोडला समांतर जाणाऱ्या अ‍ॅडलेड रोडवर, 1960 च्या दशकात जुनी घरं जाऊन वीस-वीस मजल्यांचे टॉवर आले. जून 2017 मध्ये लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली. नऊ दिवसांनी कॅम्डेन परिषदेने अ‍ॅडलेड रोडच्या टॉवरमधून शेकडो कुटुंबांना रातोरात बाहेर काढलं, कारण त्यांच्यावरही नंतर चढवलेलं ज्वालाग्राही आवरण होतं आणि आगीची दारं अपुरी होती. यावरून टॉवर वाईट आणि ओळ चांगली असा धोपट निष्कर्ष काढू नये. दोष मजल्यांचा नव्हता. 1666 च्या आगीपासून लंडनला पाठ असलेला धडा, म्हणजे आग एका घरातून दुसऱ्या घरात जाता कामा नये, तो दुरुस्तीच्या वेळी विसरला गेला होता.

ओळींचं पुनर्वसन कसं होतं हे पाहायचं तर लिव्हरपूलला जावं. टॉक्स्टेथ भागातले 'वेल्श स्ट्रीट्स' 1870 च्या दशकात वेल्समधून आलेल्या कारागिरांनी बांधले. आराखडा रिचर्ड ओवेन्सचा, रस्त्यांची नावं वेल्समधली: मॅड्रिन, वोलास, पॉविस. बीटल्सचा रिंगो स्टार मॅड्रिन स्ट्रीटवरच जन्मला. 2002 मध्ये सरकारने उत्तर इंग्लंडमध्ये पडेल घरबाजार सावरण्याची योजना आणली. तिचा मुख्य उपाय पाडणं. लोक हलवले, खिडक्यांना पत्रे ठोकले, वर्षानुवर्षं रस्ते ओस. रिंगोच्या घरामुळे वर्तमानपत्रं आली, पण लढले ते स्थानिक रहिवासी आणि वारसा जपणाऱ्या संस्था. 2011 मध्ये योजना गुंडाळली गेली, जानेवारी 2015 मध्ये मंत्र्याने पाडकामाचा प्रस्ताव फेटाळला आणि दोन वर्षांत वोलास स्ट्रीटवरची घरं दुरुस्त होऊन भाड्याने जाऊ लागली. काही ठिकाणी शेजारची दोन घरं जोडून एक केलं. सामाईक भिंतीत दार पाडलं की झालं. ज्या सांगाड्याला 1870 च्या दशकात स्वस्त म्हणून हिणवलं, तो दीडशे वर्षांनी असा लवचिक निघाला. शिवाय मधल्या घराला दोनच बाजू उघड्या, म्हणून ऊबही कमी खर्चात टिकते.

हे सारं मुंबईपासून फार दूर नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत पहिले प्लेगचे रोगी ओळखले ते मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. दोन वर्षांनी, 1898 मध्ये, ग्लासगोच्या धर्तीवर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ कराचीत शोधत होता. ट्रस्टची श्रद्धा मात्र इंग्लंडमधल्या जुन्या समजुतीवर, की दाट वस्तीतली कोंदट हवाच सगळ्याचं मूळ. म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्त्यांतून कापत नेले. ज्यांची घरं गेली त्यांच्यापैकी सगळ्यांना नवी मिळाली नाहीत. 1914 मध्ये भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडीस या पद्धतीवर तुटून पडले. एडिनबरोच्या जुन्या वस्तीत स्वतः राहून त्यांनी दुसरी रीत चालवून पाहिली होती: चार पडकी घरं काढा, मधे चौक मोकळा करा, बाकीची दुरुस्त करा. स्वस्त पडतं आणि माणसं तिथेच राहतात. आपल्या अधिकाऱ्यांनी त्यांचे अहवाल छापले आणि कपाटात ठेवले.

तरी ट्रस्टच्या खात्यावर एक गोष्ट जमा करायला हवी. 1910 च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाचा नियम लावून धरला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा. इमारतीच्या पायथ्यापासून 63½ अंशांत वर जाणारी रेषा समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या हिशेबात, उंचीच्या निम्मी जागा मोकळी हवी. उपविधींच्या रस्त्यापेक्षा हा नियम बराच सैल, पण मुंबईची जमीन आणि मुंबईचं ऊन पाहता ठीकच. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत आजही दुपारी खोलीत दिवा लावावा लागत नाही, त्यामागे ट्रस्टच्या या आखणीचा हात आहे. आणखी एक साम्य कानामागे टाकण्यासारखं नाही. इंग्लंडमध्ये घरामागचा बोळ मैला काढणाऱ्या गाडीसाठी होता. संडासात पाणी आल्यावर बोळ पोरांच्या खेळाचा झाला. मुंबईत तसाच बोळ म्हणजे हाउस गल्ली; तिच्यात उतरणारा माणूस मात्र जातीने ठरलेला होता, आणि नळ आल्यानेही ते चटकन बदललं नाही.

शंभर वर्षं पुढे या. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिली जाते. घरं जास्त बसावीत म्हणून. नटवर पारेखमध्ये तळमजला आणि सात मजले, आणि दोन इमारतींमधलं अंतर अवघं तीन मीटर. उंची तेवीस मीटर धरा. पायथ्याशी उभं राहून वर पाहायचं तर मान 82 अंशांपर्यंत उचलावी लागते. 2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा या वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा दाट मांडणीच्या वसाहतींत दर दहा घरांमागे साधारण एका घरात क्षयाचा रोगी आढळला; मोकळ्या मांडणीच्या शेजारच्या वसाहतीत हे प्रमाण कितीतरी कमी होतं. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोचतच नाही, असं मोजमापासह लिहिलेलं आहे. 1877 च्या कारकुनांना रोगाचं कारण माहीत नव्हतं आणि त्यांनी 36 फूट लिहिले. आपल्याला कारण माहीत होतं.

मुंबईत आता चाळी, सेस भरणाऱ्या इमारती आणि झोपडपट्ट्या, तिन्हींच्या पुनर्विकासाच्या सभा एकाच वेळी चालू आहेत. कुणाला 300 चौरस फूट, कुणाला 500; मजले वीस की चाळीस, कॉर्पस निधी किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ. हे प्रश्न रास्तच आहेत. पण समोरची विंग किती मीटरवर येणार, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत उजेड कुठून येणार आणि नियमातली कोणती सवलत बिल्डरने मागितली आहे, हे विचारणारा माणूस अशा सभांत क्वचितच उठतो. मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर हे अंतर लिहिलेलं असतं. नकाशाची प्रत मागावी आणि पट्टी लावून पाहावी.